पीडीएफ जोडा, मग तेच सगळं पुन्हा टाइप करा

रात्रीचे पावणेतीन. पुढच्या शिक्षणासाठी परदेशातल्या विद्यापीठाचा ऑनलाइन अर्ज भरत होते. सीव्ही चढवला, ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या विषयांची गुणपत्रिका) चढवली, पदवीचं प्रमाणपत्र चढवलं. हुश्श म्हणून ‘पुढे’ दाबलं, तर पुढच्या पानावर काय? कॉलेजचं नाव लिहा. कुठल्या महिन्यात सुरू केलं, कुठल्या महिन्यात संपलं ते लिहा. मग प्रत्येक विषय, त्याचा कोड, क्रेडिट, ग्रेड, एकेका ओळीत. चाळीस विषय! अहो, आत्ता दोन मिनिटांपूर्वी दिली ना पीडीएफ? ती काय शोभेला घेतली का?

तरी भरत बसले. एकतिसाव्या विषयाला आले आणि पान म्हणालं, तुमचं सेशन संपलं आहे, पुन्हा लॉगिन करा. केलं. चाळीसच्या चाळीस ओळी कोऱ्या. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते त्या क्षणी कळलं.

आणि हे एका विद्यापीठाचं. मी सात ठिकाणी अर्ज केलेत. सातही ठिकाणी मला तीच माहिती त्यांना हवी तशी फिरवून द्यायची आहे, आणि ती देण्याचे पैसेही मीच मोजायचे आहेत.

ग्रेडचं घ्या. सूचना ठळक अक्षरांत लिहिलेली: ‘तुमच्या विद्यापीठाच्याच पद्धतीने गुण द्या, स्वतः रूपांतर करू नका.’ बरं. माझा सीजीपीए, म्हणजे सगळ्या पदवीची सरासरी, १० पैकी ८.७४. तो टाकला. लगेच लाल अक्षरं: ४.०० पेक्षा मोठा आकडा चालणार नाही. मग करू काय? मेल केला तर दहा सेकंदांत उत्तर हजर, नेहमीच्या प्रश्नांचं पान वाचा. ते पान मला पाठ आहे! त्यात हा प्रश्न सोडून सगळे प्रश्न आहेत. जर्मनीचं निदान सूत्र तरी ठरलेलं आहे. सर्वोच्च गुणांतून आपले गुण वजा करायचे, सर्वोच्च आणि उत्तीर्ण होण्याच्या गुणांतल्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं, त्यात एक मिळवायचा. उत्तीर्ण ४ ला धरलं तर माझे १.६३ येतात. तिथे १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे कसाबसा पास, म्हणजे सगळी उलटी गंगा. पण कागद-पेन्सिल घेऊन हिशोब तरी मांडता येतो. चारच्या खोक्यात आठ कोंबायला तर कुणी सांगत नाही.

नावाचा घोळ वेगळाच. फॉर्मला पहिलं नाव आणि आडनाव दोन्ही हवंच. माझ्या एका मैत्रिणीच्या पासपोर्टवर एकच नाव आहे. तिने आडनावाच्या जागी टिंब टाकलं, फॉर्मला टिंब चालेना. शेवटी तेच नाव दोनदा लिहिलं. आता परीक्षेच्या निकालावर एक नाव, अर्जावर दुसरं, आणि अमेरिकेचा व्हिसा मिळालाच तर त्यावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापून येणार, म्हणजे फर्स्ट नेम अननोन. घ्या! स्वतःच्याच कागदावर अनोळखी.

बरं, इंग्रजी. अख्खी पदवी इंग्रजीत झाली, तसं विद्यापीठाचं पत्र आहे. काही ठिकाणी ते चालतं, काही ठिकाणी ढुंकूनही बघत नाहीत, परीक्षा द्याच. दिलीही होती. पण टोफेल असो की आयईएलटीएस, गुण दोन वर्षांपुरते. जीआरईचे, म्हणजे गणितही असलेल्या त्या प्रवेश परीक्षेचे, पाच वर्षं चालतात. म्हणजे माझं गणित पाच वर्षं टिकतं आणि इंग्रजी दोन वर्षांत नासतं, असं समजायचं. माझे गुण अर्जाच्या दिवशी जिवंत होते. पण एका विद्यापीठाला ते कोर्स सुरू होण्याच्या दिवशीही जिवंत हवे होते. पुन्हा फी, पुन्हा केंद्र, पुन्हा हेडफोन लावून कुणाच्या तरी लायब्ररी कार्डाबद्दलचं संभाषण ऐकणं. हे सगळं मला कोणत्या भाषेत कळवलं? इंग्रजीत. मी वाद कोणत्या भाषेत घातला? इंग्रजीत.

जीआरईच्या दिवशी चार विद्यापीठांना गुण फुकट पाठवता येतात. कधी निवडायची ती चार? परीक्षा संपल्या संपल्या, डोक्याचा भुगा झालेला असताना, कुठे अर्ज करायचा हेच ठरलेलं नसताना. नंतर पाठवायचे तर प्रत्येक ठिकाणचे वेगळे पैसे. एक फाइल इकडून तिकडे जायचे पैसे!

पण सगळ्यात जास्त जीव जळतो तो शिफारसपत्रांसाठी. तीन शिक्षक, सात विद्यापीठं, एकवीस लिंका. प्रत्येक लिंकवर शिक्षकांनी नवं खातं उघडायचं, नवा पासवर्ड ठेवायचा आणि मग ही मुलगी वर्गातल्या वरच्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत की दहा टक्क्यांत यावर खूण करायची. माझे एक सर निवृत्त झालेत. कॉलेजचा ईमेल बंद झालाय. फॉर्मला संस्थेचाच ईमेल हवा, दुसरा चालत नाही. तीन दिवस मेलामेली केल्यावर एका विद्यापीठाने सरांचा खासगी ईमेल कसाबसा मान्य केला. शेवटच्या दिवशी सरांना फोन केला.

“सर, जरा स्पॅममध्ये बघता का?”

“अगं, स्पॅममध्येच बसलोय मी. पत्र लिहून झालंय, पण फोन नंबर चुकीचा आहे म्हणतंय.”

“सर, आधी अधिकचं चिन्ह, मग देशाचा कोड.”

“घातलं. आता म्हणतंय चिन्ह चालणार नाही.”

सत्तरीच्या माणसाने माझ्यासाठी अर्धा तास त्या खोक्याशी झुंज दिली. मधली एक मोकळी जागा काढल्यावर गेला एकदाचा नंबर. ‘सॉरी बरं का, उशीर झाला,’ असं वर त्यांनीच मला म्हणावं! लाज वाटली हो मला. लाज खरं तर कुणाला वाटायला हवी होती?

फी माफ करून मिळते असं वाचलं होतं. एका ठिकाणी पाहिलं तर ती सवलत फक्त त्या देशाच्या नागरिकांना आणि कायम रहिवाशांना. परदेशी विद्यार्थ्यांना नाही, वर त्यांची अर्जाची फी स्थानिकांपेक्षा जास्त. पुढे व्हिसाच्या वेळी बँकेतले पैसे दाखवायचे ते वेगळेच. ब्रिटनला ते सलग २८ दिवस खात्यात हवेत, मध्ये एक दिवसही कमी पडलेले चालत नाहीत. जर्मनीला वर्षाचे ११,९०४ युरो आधीच गोठवून ठेवा, आणि मग दरमहा ९९२ आपलेच आपल्याला मिळणार. जाऊ दे, तिथवर पोचले तर त्यावर वेगळं ओरडेन.

कारण अजून कुणी ‘ये’ म्हटलेलंच नाही. तीन महिने पोर्टलवर एकच ओळ: विचाराधीन. मग गेल्या आठवड्यात मेल आला, तुमच्या अर्जाच्या स्थितीत बदल झाला आहे, लॉगिन करा. काय झालं ते मेलमध्ये लिहिलं तर हात झिजतील यांचे. पासवर्ड आठवेना, नवा घेतला, धडधडत्या छातीने उघडलं. वाटाण्याच्या अक्षता. साडेतीन ओळी. अर्जांची संख्या मोठी असल्याने कारण कळवता येत नाही आणि वैयक्तिक अभिप्राय देता येत नाही, कृपया याबाबत संपर्क करू नये.

दोन दिवसांनी त्याच विद्यापीठाकडून आणखी एक मेल. अर्ज करतानाचा तुमचा अनुभव कसा होता? तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.

लिहायला बसले मी. पण खोक्याला पाचशे अक्षरांची मर्यादा होती.