२५ टक्क्यांचा मेसेज

"विज्ञानानं सिद्ध झालंय! गावातले २५ टक्के लोक एका विचाराचे झाले की बाकीचे ७५ टक्के आपोआप वळतात. बहुमताची वाट बघू नका." लातूर, बीड, परभणीकडच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोय. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, पण मजकूर पुढं ढकलण्याआधी जरा उलगडून बघू.

"विज्ञानानं सिद्ध झालंय." आकडा हवेतला नाही. २०१८ साली अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ डेमन सेंटोला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात तो आहे. ऑनलाइन जमवलेले १० गट, प्रत्येकात २० ते ३० माणसं. काम काय, तर फोटोला नाव द्यायचं. जोडीदाराशी नाव जुळलं की पैसे मिळायचे. मग गटात पेरलेली माणसं वेगळंच नाव रेटू लागली आणि त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या आसपास गेल्यावर गट उलटला. आता सांगा, फोटोचं नाव बदलताना कुणाची भावकी आडवी येते? कुणाची सोयरीक मोडते, कुणाची उधारी बंद होते?

"आपोआप वळतात." १९६९ साली मानसशास्त्रज्ञ सर्ज मॉस्कोविसी यांनी सहा-सहा जणांचे गट केले. प्रत्येक गटात दोघं आधीच सांगून ठेवलेले. ते निळ्या रंगाला हिरवा म्हणत राहिले. सहात दोन म्हणजे ३३ टक्के. मेसेजच्या हिशेबानं अख्खा गट हिरवा व्हायला हवा होता. उरलेल्यांची हिरवी उत्तरं भरली ८.४२ टक्के! तीही दोघं शेवटपर्यंत ठाम राहिले म्हणून. जिथं ते मधूनमधून निळा म्हणाले, तिथं १.२५ टक्के.

"बहुमताची वाट बघू नका." हे मराठवाड्यात सांगायचं म्हणजे कमाल आहे. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत झाला. सभागृहातलं बहुमत हाताशी होतं, तरी दलित वस्त्या जळाल्या. मोर्चे, लाँग मार्च, तुरुंग असं सगळं होऊन नाव लागलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही 'मराठवाडा' शब्द कायम ठेवून. ज्यांची घरं गेली त्यांना 'आपोआप' म्हणून दाखवा.

या मेसेजचा खरा घोळ होऊ शकतो तो दारूबंदीत, कारण तिथं २५ टक्के हा आकडा ओळखीचा आहे. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी निवेदन दिलं की मतदानाची मागणी करता येते. तेवढंच. बाटली आडवी करायला, म्हणजे दारूचं दुकान बंद करायला, यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. झालेल्या मतदानाच्या निम्मी धरत नाहीत. ऊसतोडीला गेलेली बाई यादीत असते, रांगेत नसते, आणि तिचं न पडलेलं मत दुकानदाराच्याच कामी येतं. सह्या गोळा करणाऱ्यांनी टक्के मोजण्याआधी एवढं विचारून घ्यावं: मतदान दिवाळीनंतर लागलं, तर यातल्या किती जणी गावात असतील?