श्रीमंतांचा रोग

भाचीच्या साखरपुड्याला मी एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात बाथरूमची स्लिपर घालून गेलो, तो काही हौसेने नाही. आदल्या रात्री उजव्या पायाचा अंगठा अचानक पेटला. गाऊट, म्हणजे रक्तात युरिक ॲसिड वाढून सांध्यात उठणारी कळ. चादरीची कड लागली तरी ब्रह्मांड आठवतं. साहेबांना फोन केला, तर म्हणाले, "अंगठा दुखतो म्हणून सुट्टी?"

हॉलमध्ये वरपक्षाच्या एका काकांनी मला गाठलं.

"मामा, पायाला काय झालं?"

"गाऊट."

"म्हणजे घेता तुम्ही."

"नाही हो."

"मग मटण."

"आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही."

"सांगायचं नसेल तर राहू द्या." काकांनी समजूतदारपणे माझा खांदा थोपटला. "युरिक ॲसिड किती?"

"८.९."

"माझं नऊच्या वर होतं," काका अभिमानाने म्हणाले.

आता यांना काय सांगणार, की बहुतेकांच्या बाबतीत खरा गुन्हेगार मूत्रपिंड असतं? ते युरिक ॲसिड पुरेसं बाहेरच टाकत नाही. माझ्या वडिलांचंही तसंच होतं. इस्टेटीत मला एवढंच आलं. गाईम्हशींच्या अंगात युरिक ॲसिड मोडणारं एन्झाइम असतं. माणसाच्या पूर्वजांनी ते कधीच गमावलं, आणि भरपाई मी करतोय. डॉक्टरांना आकडा सहाच्या खाली हवाय. गोळी कदाचित जन्मभर. ठणका थांबवायची गोळी वेगळी, आणि ती जास्त झाली की पोट असं धावतं की अंगठ्याला विसरून पळावं लागतं. पळणार कोणत्या पायावर, ते मात्र कुणी सांगत नाही.

तेवढ्यात जोडी नमस्काराला आली. मी पाय खुर्चीखाली ओढला.

"अरे, जपून!" काका ओरडले. "मामांना श्रीमंतांचा रोग आहे!"

अख्खा हॉल वळला. माझ्याकडे तोवर ढुंकूनही न बघणाऱ्या विहीणबाई शेजारी येऊन बसल्या. "फ्लॅट स्वतःचा का हो?"

"हो. बँकेच्या भागीदारीत."

त्या मनापासून हसल्या. हप्ता मला भरायचा असतो, म्हणून मी हसलो नाही.

पंगतीत काका माझ्या शेजारीच. पानात वरण पडताच त्यांनी वाटी उचलली. डाळीने फारसं बिघडत नाही, हे मला डॉक्टरांनीच सांगितलेलं. पण काका ऐकतात थोडेच! पालकाची भाजीही गेली. साखरेने मात्र युरिक ॲसिड वाढतं. मी ते सांगायला तोंड उघडलं, तोवर काकांनी वाढप्याला हाक मारली होती.

"यांना जिलबी वाढा. भरपूर. बिचाऱ्यांना दुसरं काही चालत नाही."