बर्ड्स आय व्ह्यू हवाय? आधी गल्ल्या पालथ्या घाला

"डिटेल्स नकोत, फक्त बर्ड्स आय व्ह्यू द्या." मीटिंगमध्ये हे वाक्य कानावर आलं की खुशाल समजावं, साहेबांनी फाईल उघडलेली नाही.

अर्थ साधा आहे. उंचावरून दिसावं तसं सगळं एका नजरेत, बारकावे सोडून. नव्या माणसाला काम समजवायला, शहराचा आराखडा बघायला ते लागतंच. पण ही नजर फुकट मिळते, असा जो समज झालाय ना, त्याचा मला राग येतो.

व्हेनिसचं एक चित्र आहे, १५०० सालचं. याकोपो दे बार्बारीचं. अख्खं शहर आकाशातून पाहिलेलं, सहा लाकडी ठोकळ्यांवरून छापलेलं, पावणेतीन मीटरच्या आसपास रुंद. तेव्हा वर गेलं होतं कोण? माणूस फुग्यातून उडाला तो १७८३ मध्ये, पॅरिसला! हे चित्र जमलं ते घंटाघरांवर चढून आणि खाली हिंडून केलेल्या नोंदी एकमेकींना जोडून. छापणाऱ्या आंतोन कोल्बने सरकारदरबारी अर्ज केला, त्यात तीन वर्षं खपल्याचं म्हटलंय. आणि बारकावा बघा. सान मार्कोच्या घंटाघराचा शेंडा १४८९ मध्ये विजेने जळाला होता, म्हणून चित्रात तिथे तात्पुरतं सपाट छप्पर आहे. पुढे नवा शेंडा बसला, तेव्हा ठोकळ्यातही दुरुस्ती झाली.

आपल्याकडे तर म्हणच आहे, घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलापाशी. पक्ष्याला वरून धूसर दिसतं, हे ठरवलं कोणी? तिला गवतातला उंदीर दिसतो. बारकावे वगळायची सोय माणसाने स्वतःसाठी काढली आणि नाव लावलं पाखराचं.

२०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला, तेव्हा हवाई पाहण्या झाल्या. व्हायलाच हव्यात, कुठली गावं तुटलीत ते वरूनच कळतं. पण हेलिकॉप्टरमधून दिसतं गढूळ पाणी आणि त्यातून वर आलेली छपरं. पाणी ओसरल्यावर घरात किती चिखल आहे, धान्याच्या कणगीला कोंब आलेत का, गोठ्यातली म्हैस वाचली का, हे पंचनाम्याला आलेल्या तलाठ्याला विचारा. मदतीची यादी त्याच्याच कागदावरून होते, आणि त्यात एखादं घर राहून गेलं तर वरून कितीही घिरट्या घाला, ते सापडत नाही.