चुकीच्या दिवसांची सुट्टी

कर्नाटकाने २०२५ मध्ये नोकरदार बायकांना महिन्याला एक दिवस पाळीची पगारी सुट्टी मंजूर केली, तेव्हापासून आमच्या घरच्या ग्रुपवर धुमश्चक्री चालू आहे. सांगलीच्या काकांचं पालुपद एकच: "आमच्या आईने कधी रजा मागितली नाही." पाळी म्हणजे अपंगत्व नव्हे, असं स्मृती इराणी २०२३ मध्ये राज्यसभेत म्हणाल्या होत्या. ती क्लिप ते पुन्हा पुन्हा टाकतात.

अहो, पण दोन्ही बाजू चुकीच्या दिवसांवरून भांडताय! पीएमडीडी, म्हणजे पाळीआधीचा मानसिक त्रास टोकाला जाण्याचा आजार, असलेल्या बाईचे वाईट दिवस पाळीच्या आधीचे. आठ-दहा दिवस रडू, चिडचिड, 'आपण नसलेलंच बरं' असले विचार. पाळी आली की एक-दोन दिवसांत आभाळ मोकळं. रक्तातले हार्मोन्स नॉर्मलच असतात, त्यांचा चढउतार मेंदूला सोसत नाही. म्हणून रिपोर्ट चांगला येतो आणि घरचे म्हणतात, नाटकं आहेत.

इकडे इंग्लंडात, रेडिंगला हे सगळं कळतं, असं मी तिकडे ऐटीत सांगते. प्रत्यक्षात सकाळी आठला फोनच्या रांगेत लागून मिळालेल्या पहिल्या जीपीने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, 'स्ट्रेस' म्हणून वाटेला लावलं. दुसरीने दोन महिन्यांची रोजची नोंद मागितली. सासरहून आलेल्या कालनिर्णयावरच ठेवली, तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलने त्रासाचे एक ते सहा आकडे. संकष्टीपासून पाच, सहा, सहा, सहा. पाळीच्या दुसऱ्या दिवशी एक. मग सर्ट्रलिन, नैराश्यावरची गोळी, तीही फक्त पाळीआधीचे चौदा दिवस. एरवी नैराश्यात या गोळ्या लागू पडायला काही आठवडे जातात, यात काही दिवसांतच फरक पडतो. मला पडला.

आई 'बाहेरची' असली की चार दिवस कोपऱ्यात शांत बसायची. त्याआधीच्या आठवड्यात भांडी आपटायची, तेव्हा आम्ही "डोकं फिरलंय" म्हणत गच्चीवर पळायचो. विसावा तिलाही चुकीच्याच दिवशी मिळाला.

हे सगळं काकांना लिहिलं होतं. पाठवायच्या आधी खोडलं. ऑफिसच्या आजारपणाच्या फॉर्मवर तरी मी काय लिहिते? दरवेळी 'मायग्रेन'.

परवा व्हिडिओ कॉलवर आईला माझ्यामागचं कालनिर्णय दिसलं. "दोघंच आहात ना गं? रोज सहा लिटर दूध?"

"पाहुणे आले होते," म्हटलं.