महाभारत घरात ठेवा

आमच्या तिवसा भागात अजूनही म्हणतात, घरात महाभारत ठेवू नये, भावाभावांत भांडणं लागतात. दिवाळीत मी विकत आणलं, तर मोठी आई दारातच म्हणाली, "बैठकीत ठेव बाप्पा, अंदर नको." मला याचं फार वाईट वाटतं. अठरा पर्वांतली प्रत्यक्ष लढाई भीष्मपर्वापासून सौप्तिकापर्यंत, पाच पर्वांत आटोपते. बाकीच्या ग्रंथात आपली माणसं आहेत. वर्धेकाठचं आपलं कौंडण्यपूर म्हणजेच महाभारतातलं विदर्भाची राजधानी कुंडिनपूर असं आपण मानतो ना? रुक्मिणीची पालखी तिथून पंढरपूरला जाते, पण दमयंतीही तिथलीच, हे किती जणींना माहीत आहे?

वनपर्वात, द्यूतात सगळं घालवून बसलेल्या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी तिची कथा सांगतात. तिच्या मनात निषधांचा राजा नळ, पण स्वयंवरात तिच्यापुढे एकसारखे पाच नळ उभे. त्यातले चार देव: इंद्र, अग्नी, वरुण, यम. तिनं देवांनाच खरं रूप दाखवा म्हणून विनवलं. मग दिसलं. देवांना घाम नाही, पापणी लवत नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. पाचव्याची सावली पडलेली, गळ्यातली माळ कोमेजलेली, अंगावर धूळ आणि घाम. तिनं त्यालाच वरलं. कापूस वेचायला आलेल्या बायांना मी हे वाचून दाखवलं, तर एक जण म्हणाली, "घाम पाहून निवडला ना, मंग बराबर निवडला."

पुढे नळ जुगारात राज्य हरतो, रानात झोपलेल्या बायकोचं अर्धं वस्त्र कापून निघून जातो. तिनं माहेरून माणसं पाठवून त्याचा माग काढला. अयोध्येतला सारथी तोच असावा असा संशय येताच तिथल्या ऋतुपर्ण राजाला आपल्या दुसऱ्या स्वयंवराचा निरोप धाडला, तोही उद्याचाच. एका दिवसात घोडे कुंडिनपुरापर्यंत आणणारा नळच, हे ती जाणून होती. वाटेत ऋतुपर्ण राजा बेहड्याची पानं-फळं नुसत्या नजरेनं मोजतो आणि नळाला फाशांची विद्या देतो. आपल्या मेळघाटातला तोच बेहडा. जुने फासे त्याच्याच फळांचे असत. नळाच्या अंगात शिरून त्याला जुगारात हरवणारा कली बाहेर निघून त्याच झाडात शिरतो. इतकी बारकाईनं रचलेली गोष्ट मी दुसरी वाचलेली नाही. श्रीहर्षानं तिच्यावर संस्कृत महाकाव्य रचलं, रघुनाथ पंडितानं मराठीत आख्यान.

मोठी आई अजून पुस्तक अंदर घेत नाही. पण काल भाकरी थापता थापता विचारत होती, "मंग थ्या लेकरायचं काय झालं वं?" म्हटलं, राज्य जायच्या आधीच दमयंतीनं दोघांना सारथ्यासोबत आजोळी, कुंडिनपुराला पोचवलं होतं.