मास्क, सायकल आणि धूर : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

पुण्याच्या रहदारीत सायकल चालवताना मास्क लावावा, या माझ्या लेखावर आपण 'एक जुना सायकलस्वार' या नावाने सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे : मास्कने श्वास कोंडतो आणि आपलाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत जातो, ज्यातून हवा जाते त्यातून धूरही जाणारच, तेव्हा मुलींचा स्कार्फ आणि महागडा मास्क यांत फरक नाही, आणि असे लेख वाचून लोक घाबरून सायकलच सोडतील. सिंहगड चढतानाही मी मास्क लावतो काय, असेही आपण शेवटी विचारले आहे.

आधी दुसरा आक्षेप घेतो, कारण पहिल्याचे उत्तर बऱ्याच अंशी त्यातच आहे. मास्क चाळणीसारखे काम करतो, असे आपण गृहीत धरले आहे. एन-९५ मधला गाळण्याचा थर पॉलिप्रॉपिलीनच्या अतिशय बारीक, अस्ताव्यस्त तंतूंचा असतो आणि त्या तंतूंमधल्या फटी धुराच्या कणांहून मोठ्याच असतात. तरीही कण अडतात, कारण जड कणांना हवेबरोबर वळता येत नाही म्हणून ते तंतूंवर आदळतात, अतिसूक्ष्म कण सैरभैर फिरताना तंतूंना चिकटतात, आणि तंतूंवरचा स्थिर विद्युतभार उरलेल्यांना ओढून घेतो. अडवायला सर्वांत अवघड अशा, ०.३ मायक्रोमीटरच्या आसपासच्या कणांवर चाचणी घेतात आणि त्यांतले किमान ९५ टक्के अडले तरच ते नाव मिळते. ओढणीत किंवा सुती स्कार्फमध्ये असा थर नसतो. स्कार्फने ऊन लागत नाही, बांधकामाची जाडी धूळ तोंडात जात नाही, आणि तेवढ्यासाठी तो बांधणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. पण पुढच्या टेंपोच्या नळीतला धूर त्यातून बहुतांशी तसाच आत येतो. जाता जाता एक सांगतो : एन-९५ साबणाने धुऊन वाळत घालणारे पुष्कळ आहेत. तो स्वच्छ दिसतो खरा, पण विद्युतभार बराचसा गेलेला असतो.

आता श्वास कोंडण्याविषयी. कार्बन डायऑक्साइडचा रेणू या कणांपेक्षा सुमारे हजारपटीने लहान असतो, त्यामुळे त्याला किंवा प्राणवायूला अडवणारे त्या थरात काही नाही. मास्क आणि चेहरा यांच्यामधल्या पोकळीत उच्छ्वासाची थोडी हवा उरते आणि ती पुढच्या श्वासाबरोबर परत जाते, एवढे खरे. परंतु निरोगी माणसाच्या रक्तातला प्राणवायू त्याने लक्षणीय घटत नाही. कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठात २०२० साली निरोगी व्यक्तींना व्यायामाच्या सायकलवर पार दमेपर्यंत पायडल मारायला लावले, तेव्हा कापडी किंवा सर्जिकल मास्कमुळे त्यांच्या कामगिरीत फरक पडला नाही. ती चाचणी एन-९५ ची नव्हती आणि एन-९५ मधून श्वास ओढायला अधिक जोर लागतो, हेही नोंदवतो. आपण दिलेला दाखला, म्हणजे व्यायामाच्या वेळी मास्क नको हा जागतिक आरोग्य संघटनेचा जून २०२० मधला सल्ला, कोरोनाच्या प्रसाराच्या संदर्भातला होता. घामाने मास्क ओला होतो आणि श्वास घेणे जड जाते, हे त्यामागचे कारण मात्र आपल्यालाही लागू आहे. म्हणूनच मी झडपेचा मास्क वापरतो. साथीच्या काळात त्याला विरोध होता, कारण वापरणाऱ्याचा उच्छ्वास न गाळता बाहेर पडत होता. धुरापासून स्वतःला वाचवताना तो आक्षेप उरत नाही. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय माझे ऐकू नये.

मास्कवर टीकाच करायची असेल, तर ती कडेच्या फटींवरून करावी, असे मला वाटते आणि आपल्या प्रतिक्रियेत नेमका हाच मुद्दा नाही. गाळण्याचा थर कितीही उत्तम असला तरी हवा सोपी वाट शोधते. कानात अडकवायचे बंद सैल पडतात, हेल्मेटचा पट्टा त्यांना वर ओढतो, आणि उजवीकडे वळण्याआधी मान वळवून मागे पाहिले की हनुवटीजवळ फट पडते. दाढी असेल तर मास्क नीट बसतच नाही. डोक्याभोवती जाणारे दोन बंद आणि नाकावर दाबून बसवता येणारी पट्टी या दोन गोष्टींना मी छापील दाव्यांपेक्षा अधिक महत्त्व देतो. घरी आल्यावर नाकाच्या दोन्ही बाजूंना काळपट रेघ उमटलेली दिसली, तर हवा तिथूनच येत होती असे समजावे. शिवाय नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड हे वायू एन-९५ ने अडत नाहीत. कोळशाचा थर असलेल्या मास्कमध्ये वास कमी येतो, म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण कार्बन मोनॉक्साइड त्यालाही दाद देत नाही.

लोक घाबरतील, या आपल्या काळजीत तथ्य आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली हाच हिशेब मांडला होता. हवेत पीएम २.५ चे, म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कणांचे, प्रमाण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असले, तरी रोज सुमारे दीड तासापर्यंत सायकल चालवण्याचा फायदा धुराच्या अपायापेक्षा जास्त भरतो, आणि त्यात मास्क धरलेला नव्हता. पुण्याची वार्षिक सरासरी त्या आकड्याच्या पुष्कळ खाली असते. तेव्हा मास्क नाही म्हणून सायकल घरी ठेवू नये, हे मी स्पष्टच लिहितो. पण ही सरासरी शहराची आहे, नळ स्टॉपच्या सिग्नलला बसच्या मागे उभ्या असलेल्या माणसाची नव्हे. तो तर विश्रांतीच्या तुलनेत कित्येक पटींनी अधिक हवा आत घेत असतो आणि दमल्यावर तोंडाने श्वास घेऊ लागला की नाकाचे नैसर्गिक गाळणेही बाद होते. धूर कमी करणे हे सरकारचे आणि महापालिकेचे काम आहे, यावर आपले एकमत आहे. ते होईपर्यंत तोंड उघडे ठेवून निषेध नोंदवण्यात मला अर्थ दिसत नाही.

मास्कच्या आधी रस्ता निवडावा, हे मूळ लेखातही होते. वाहनांच्या धुराचे सूक्ष्म कण मुख्य रस्त्यापासून दूर जाताच झपाट्याने विरळ होतात, म्हणून डेक्कनला जाताना मी कर्वे रस्ता टाळून प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतून जातो. पाच मिनिटे जास्त लागतात. डिसेंबर-जानेवारीत भल्या पहाटेची हवा शुद्ध असते, हा समजही सोडावा. जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही आणि रात्रीचा धूर तिच्यातच अडकून राहतो.

सिंहगडाविषयी : घाटात मी मास्क लावत नाही. वडगाव ते नांदेड फाटा या पट्ट्यात लावतो आणि खडकवासल्याचे धरण मागे पडले की काढून कागदी पाकिटात ठेवतो, कारण प्लॅस्टिकच्या पिशवीत घामाचा ओलावा सुकत नाही. रविवारी उतरायला उशीर झाला, तर गडाकडे येणाऱ्या मोटारींची रांग लागलेली असते. अशा वेळी तो डोणज्यातच पुन्हा चढवतो.