कोतेगाएशीच्या 'मा'चा 'ध' कुणी केला?

आयकिडो या जपानी युद्धकलेच्या ग्रुपांवर एक मजकूर दर काही महिन्यांनी नव्याने उगवतो. सोबत व्हिडिओ असतो: कुणीतरी मनगट पिळतो आणि समोरचा हवेत गिरकी घेऊन चटईवर आदळतो. मजकुराचा मथितार्थ असा, की कोतेगाएशी, म्हणजे मनगट उलटवून पाडणं, हा सामुराईंचा रणांगणावरचा, मनगटाचं हाड मोडणारा डाव. १९४५ नंतर अमेरिकनांच्या धाकाने आयकिडोचे संस्थापक उएशिबा आणि त्यांचा मुलगा यांनी त्याचा नाच केला. आता समोरचा स्वतःच उडी मारतो. ज्युडोवाल्यांनी तर हा डाव निरुपयोगी म्हणून कधीच टाकून दिला. आणि मूळ डाव एकच, बाकी सगळी भेसळ. आपल्याकडे 'धरावे'चं 'मारावे' झाल्याची गोष्ट शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. इथे तक्रार उलटी आहे, 'मा'चा 'ध' केला म्हणे.

डाव बदलला, हे मलाही मान्य आहे. पण बदल नेमका कुठे झाला, केव्हा झाला आणि कुणी केला, याची उत्तरं या मजकुरात जवळजवळ सगळी चुकली आहेत.

आधी ते रणांगण. आयकिडोत हा डाव आला दाइतो-र्यू या जपानी जुजुत्सूच्या परंपरेतून. मोरिहेई उएशिबांना त्या परंपरेचे गुरू सोकाकु ताकेदा भेटले ते १९१५ साली, होक्काइदोतल्या एन्गारू गावी. १९२२ साली ताकेदांनी उएशिबांना शिकवण्याचा परवाना दिला. दाइतो-र्यूची परंपरा आपलं मूळ थेट मिनामोतो योशिमित्सु या सामुराईपर्यंत, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकापर्यंत नेते. पण ठोस कागद हाती लागतात ते ताकेदांच्याच नोंदवह्यांचे, शिष्यांच्या सह्याशिक्क्यांसह. त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनच्या. तोवर सामुराई हा वर्गच उरला नव्हता. कमरेला तलवार लावून फिरायलाही १८७६ सालीच बंदी झाली होती. शिवाय 'कोते' हा शब्द मनगटाकडच्या हातासाठी आहे तसाच चिलखताच्या बाहीसाठीही आहे. तसली बाही चढवलेल्या, हातात भाला असलेल्या माणसाचा पंजा पकडून पिळत कोण बसेल? दाइतो-र्यूत बसून करायचे डाव भरपूर आहेत, आणि मनगट धरण्याला खरा अर्थ येतो तो समोरच्याला तलवार उपसू द्यायची नसते तेव्हा. मला तरी हा रणांगणापेक्षा दालनातला डाव वाटतो.

आता हाड मोडण्याबद्दल. इथे जरा थांबू, कारण डावाचं खरं मर्म इथेच आहे आणि मजकूर लिहिणाऱ्याने नेमकं तेच पाहिलेलं नाही. एका हाताने समोरच्याचा पंजा अंगठ्याच्या बाजूने धरायचा, आपला अंगठा त्याच्या अनामिका-करंगळीच्या मुळाशी हाताच्या पाठीवर टेकवायचा, दुसरा हात त्यावर ठेवायचा आणि पंजा दुमडत बाहेरच्या बाजूला उलटवायचा. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. पंजा फिरतो तो ती एकमेकांभोवती फिरतात म्हणून. एका हद्दीनंतर ती थांबतात. त्यापुढचा पिळा कोपरातून खांद्यात चढतो, खांदा मागे जातो, वजन टाचांवर येतं. म्हणजे माणूस पडतो तो मनगटाच्या कळेपेक्षा खांद्याखालचा आधार गेल्यामुळे. झटका मारला तर इजा जरूर होते, पण तिचा पहिला धोका मनगटातल्या अस्थिबंधांना आणि करंगळीच्या बाजूच्या कूर्चेच्या चकतीला असतो. एक्स-रेत काहीच दिसत नाही आणि कळ महिनोन् महिने जात नाही, अशी ती दुखणी. हाड मोडणं हा या डावाचा उद्देशही नाही आणि खात्रीचा परिणामही नाही.

दुसरी गंमत घरी करून पाहता येते. हातात लाटणं धरा, मनगट तळव्याच्या बाजूला पुरतं दुमडा आणि आता मूठ आवळून दाखवा. जमत नाही. बोटं मिटवणारे स्नायू सैल पडतात, उघडणारे ताणले जातात. सुरी धरलेल्या हातावर हा डाव शिकवतात तो याच कारणाने: पाडण्याआधीच पकड ढिली होते. शंभर वर्षांत ही हाडं बदलली नाहीत आणि पंजावरची पकडही फारशी बदलली नाही. बदललं ते पकडीच्या आधीचं पाऊल आणि नंतरचं पडणं.

हे पाऊल युद्धानंतर, परक्यांच्या भीतीने बदललं असं म्हणणाऱ्याने १९३५ सालची चित्रफीत पाहावी. ओसाकाच्या असाही वृत्तपत्राच्या लोकांनी ती काढली. उएशिबा तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. त्यातही मोठे वळसे आहेत, एकामागून एक अंगावर येणारे शिष्य आहेत आणि धडाधड पडणंही आहे. महायुद्ध अजून चार वर्षं दूर होतं. 'आयकिडो' हे नाव अधिकृत झालं १९४२ साली आणि त्याच वर्षी म्हातारा तोक्यो सोडून इवामाच्या शेतीकडे निघून गेला. जपान तेव्हा हरलेला नव्हता.

युद्धानंतर मात्र खरंच काहीतरी झालं, ते नाकारण्यात अर्थ नाही. १९४८ साली उएशिबांच्या आयकिकाई संस्थेला सरकारी मान्यता मिळाली. मुलगा किश्शोमारू आणि कोइची तोहेई यांच्यासारख्या शिष्यांनी पुढे शिकवायला घेतलं ते विद्यार्थ्यांना, नोकरदारांना, पुढे परदेशी लोकांना. मूठभर निवडक शिष्यांसाठी जे चालतं ते शंभरजणांच्या वर्गात चालत नाही. डावांची नावं आणि क्रम पक्के झाले. कोतेगाएशीत तोंडावर मारायचा ठोसा, म्हणजे आतेमी, हळूहळू इशाऱ्यापुरता उरला आणि त्याच्या जागी समोरच्याला गोल फिरवत नेणारा मोठा तेनकान, म्हणजे वळसा, आला. वर्गात तो शिकवायला सोपा आणि पाहायला देखणा. माझं मत विचाराल तर आतेमी इतका पातळ करायला नको होता, कारण ठोशाच्या भीतीने समोरच्याचं लक्ष हातावरून उडतं आणि तेवढ्यात पंजा हाती लागतो.

पण ही एक फांदी झाली. उएशिबांचेच बाकीचे शिष्य पाहा. गोझो शिओदांनी १९५५ साली योशिनकान ही स्वतःची शाळा काढली आणि डाव आखीव, कडक ठेवला. इवामात मोरिहिरो साइतो घट्ट पकडीपासून सुरुवात करत राहिले. केन्जी तोमिकींनी तर सरळ स्पर्धाच आणली: एकाच्या हातात मऊ सुरी, तो खरोखर भोसकायला येतो आणि दुसऱ्याने त्याला अडवायचं. त्यांच्या १७ पायाभूत डावांत कोतेगाएशी आहे. सगळं अमेरिकनांनी पातळ केलं असेल, तर त्याच काळात, त्याच देशात या लोकांना कुणी कसं अडवलं नाही?

उडीबद्दल मात्र मजकुराचं निम्मं बरोबर आहे. अनेक डोजोंत, म्हणजे सरावाच्या जागांत, पंजा वळायच्या आधीच समोरचा हवेत असतो, आणि ते पाहून मलाही कसंनुसं होतं. सराव नसलेला माणूस अशी गिरकी घेत नाही. त्याचे गुडघे वाकतात, तो तिरका कोसळतो किंवा मागे बसतो. पण उडीचा शोध देखाव्यासाठी लागला हे खरं नाही. पिळा वेगाने आला तर मनगटाला मागे टाकून पुढे जायची ती वाट आहे, एरवी सगळा भार सांध्यावर येतो. साधं मागे पडणंही प्रत्येक वर्गात शिकवतात. त्याचे व्हिडिओ कुणी फिरवत नाही, एवढंच.

ज्युडोचा मुद्दा दोन ओळींचा. ज्युडोच्या स्पर्धेत फक्त कोपराच्या सांध्यावर कुलूप लावता येतं, मनगटावर नाही. निरुपयोगी डावावर कुणी बंदी घालत नसतं. ज्युडोची मूळ संस्था असलेल्या कोदोकाननेच १९५६ साली जे स्वसंरक्षणाचे डाव बांधले त्यात कोतेगाएशी आहे, आणि ते बांधण्यात हेच तोमिकी होते. ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या मोठ्या स्पर्धांत पांढऱ्या पट्ट्याला, म्हणजे नवशिक्याला, मनगटाचं कुलूप मना आहे, निळ्या पट्ट्यापासून ते चालतं.

राहता राहिलं 'मूळ एकच'. आयकिकाईवाले ज्याला शिहोनागे म्हणतात, तोच डाव तोमिकींकडे 'तेनकाई कोतेगाएशी' होतो. कोरियात चोई योंग-सुल स्वतःच्या सांगण्याप्रमाणे ताकेदांकडे शिकले, आणि त्यांच्यापासून निघालेल्या हापकिडोतही हेच मनगट उलटवणं आहे. पण सगळ्यांत बोलकी गोष्ट पुन्हा ओसाकाचीच. त्या वृत्तपत्राच्या कचेरीत आधी उएशिबा शिकवत होते. १९३६ साली ताकेदा स्वतः तिथे येऊन दाखल झाले आणि शिष्याचा वर्ग गुरूने हाती घेतला. तिथले शिष्य ताकुमा हिसा आणि त्यांचे सहकारी सराव झाला की डावांचे फोटो काढून ठेवत, आधी उएशिबांनी शिकवलेल्या डावांचे आणि मग ताकेदांनी शिकवलेल्या. तो सगळा ऐवज आज उपलब्ध आहे. जागा एक, शिकणारे तेच, आणि तरी गुरूचे डाव वेगळे, शिष्याचे वेगळे. अमेरिकन सैन्याने जपानच्या भूमीवर पाय ठेवायला अजून नऊ वर्षं होती.